सिक्सीचा बरोबर उच्चार

३ मार्च, मंगळवार

पुन्हा फोन! सकाळी सातचं बातमीपत्र संपवून स्टुडिओचं जड दार ढकलते न ढकलते तोच ड्युटीवरचा इंजिनिअर रिसीव्हर हातात धरून उभा. "तुमच्याच बाई." माझ्याच म्हणे! चार दिवसांत तिसऱ्यांदा.

"आज परत बेइझिंग म्हणालात." नमस्कार नाही, ओळख नाही, थेट तोफ. "झ नाही हो तो. साधा ज. जीव, जिना, जिभेचा ज. इंग्रजीतून बोललं म्हणून गावाचं नाव फ्रेंच होत नाही."

मी म्हटलं, सगळेच तसं म्हणतात.

"सगळे बातम्या वाचत नाहीत. तुम्ही वाचता."

ठेवला फोन!

एकोणीस वर्षं रेडिओवर इंग्रजी बातम्या वाचतेय. शाळांमधून माझ्या आवाजाच्या फिती लावतात. आणि ही कोण कुठली बाई! दिवसभर डोक्यात भुंगा. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना सासूबाईंनी विचारलंच, "जिना जिना काय पुटपुटतेयस? कुठे चढायचंय?"

५ मार्च, गुरुवार

बातमीप्रमुखांनी बोलावलं. आम्ही त्यांना पाठीमागे स्वल्पविराम म्हणतो. स्वतःच्या प्रत्येक वाक्यात दोनदा अडकतात आणि आमच्या प्रत्येक वाक्यात एक घालतात. टेबलावर पत्र – फोनवाल्या बाईंचं. दोन पानं, ताठ अक्षर. मी जानेवारीपासून वाचलेली एकतीस चिनी गावं, शेजारी बरोबर उच्चार. क्विंगडाओ नाही, छिंगदाव. गुआंगझू नाही, ग्वांगजो. झियान नाही, शी-आन, मध्ये किंचित थांबायचं. लाज वाटली. रागही आला – एकतीस मोजत बसली ही बाई!

"पत्र, खरं सांगायचं तर, बरोबर आहे," स्वल्पविराम म्हणाले. मग तोडगा काढला. नाव आधी बरोबर म्हणायचं आणि लगेच मागोमाग लोकांच्या कानावरचं. दोन्ही. दर वेळी. "ऐकणारा, काय आहे, वाटेत हरवता कामा नये."

आणि बाईंकडून शिकायचं, हेही ठरवून टाकलं. मला न विचारता!

९ मार्च, सोमवार

बाई वाईट नाहीत. तिखट आहेत. बावीस वर्षं तिकडे एका बंदरात जहाज कंपनीच्या दुभाषी होत्या. आता गुडघे गेलेत, घरातच असतात, रेडिओ ऐकतात आणि कुढतात. रोज अकरा वाजता वीस मिनिटं फोनवर शिकवणी.

आज मजा झाली. चिनी नावांच्या स्पेलिंगमधलं 'सी' अक्षर मला काही केल्या जमेना. स म्हटलं की ओरडतात, क म्हटलं की त्याहून ओरडतात. मग म्हणाल्या, "अहो, घरातच आहे की तुमच्या! चमचा म्हणा. चहातला च नाही, चमच्यातला. आता त्यात हवा सोडा." म्हटला. "हां! इंग्रजांचा यात जीव जातो. तुम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालाय आणि तुम्ही सी-सी करत बसलाय."

मग मीच विचारलं – सी, आय, एक्स, आय. हे कसं म्हणायचं?

त्याला कारण आहे. धाकटे दीर, आमचे भाऊजी, दोन वर्षं त्या गावात आहेत. पंख्याच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात आमच्याकडच्या कंपनीतर्फे माल तपासतात. घरात आम्ही सगळे सिक्सी म्हणतो. ते स्वतःही फोनवर सिक्सीच म्हणतात, आम्हाला कळावं म्हणून. आई, म्हणजे सासूबाई, त्याचं सिक्स्टी ऐकून साठी करतात! शेजारणीला सांगत होत्या, "धाकटा साठीत आहे माझा," आणि शेजारीण बोटं मोजत बसली, की आईंचंच वय मग किती!

आईंना इंग्रजी अर्धंमुर्धं कळतं. पण सुनेचा आवाज म्हणून सातचं बातमीपत्र चुकवत नाहीत. चीनच्या बातमीनं आता घाबरतही नाहीत. "चीन केवढा! तू सिक्सी म्हणालीस तरच मी कान टवकारते."

बाईंनी सांगितलं, ते सिक्सी नाही. त्स-शी. पहिल्या अक्षरात जीभ दातांमागे ठेवायची, ई म्हणायचंच नाही. शी म्हणताना थोडं हसायचं.

११ मार्च, बुधवार

त्स-शी. आरशासमोर चाळीस वेळा. आरसा पुसावा लागला.

१२ मार्च, गुरुवार

 अक्षर बघा!

सहा पन्नासला कागद आला. नववी बातमी, चार ओळी. पूर्व चीनमध्ये पंख्याच्या मोटारींच्या कारखान्यात रंगकामाच्या विभागात स्फोट, मोठी आग. नऊ मृत्यू. तीसच्या वर जखमी, त्यांत काही परदेशी तंत्रज्ञ. गाव – सी, आय, एक्स, आय.

भाऊजींना फोन लावला. रिंग जाते, उचलत नाहीत. परत. परत. सहा सत्तावन्न. इंजिनिअर काचेपलीकडून बोटं दाखवतोय.

आणि डोळ्यांपुढे आमचं स्वयंपाकघर. आई एकट्या. हे दौऱ्यावर, शनिवारपर्यंत यायचे नाहीत. आईंना मागच्या वर्षीच झटका येऊन गेलेला. रेडिओ मोठ्या आवाजात असणार आणि त्या ओट्याशी उभ्या, हातात काहीतरी जड किंवा गरम.

आठ बातम्या कशा वाचल्या ठाऊक नाही. नववी आली. मी त्स-शी म्हटलं. इतकं स्वच्छ कधी जमलं नव्हतं! त्यापुढे श्वासाची जागा होती – दुसरं नाव म्हणायची. कागदावर पेन्सिलनं खूण मीच केली होती. मी श्वास घेतला आणि पुढचं वाक्य वाचलं.

मुद्दाम. इथे तरी खरं लिहिते. मुद्दाम.

घरी आले तर आई नेहमीसारख्या. "छान वाचलंस आज. ते चीनचं काय होतं? कुठलंसं शी?"

"लांबचं आहे, आई."

"चीन केवढा!" म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला गेल्या.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि फोन लावत राहिले. बाहेर यायचं, काहीतरी उचलायचं, ठेवायचं, परत आत. आईंनी दोनदा विचारलं, पोट बिघडलंय का. हो म्हटलं.

पावणेबाराला भाऊजींचा फोन आला. घसा पार बसलेला. "वहिनी, मी धडधाकट आहे. इस्पितळात आहे, पण माझ्यासाठी नाही." आमच्याकडचाच एक फिटर, नवी यंत्रं बसवायला चार महिन्यांसाठी गेलेला. खूप भाजलाय. सकाळपासून भाऊजी त्याच्याजवळ होते; स्वतःचा फोन कारखान्यातच राहिलेला, तो आत्ता मिळाला.

मी जमिनीवर बसून रडले. मग तोंड धुऊन आईंना सगळं सांगितलं – आधी धडधाकट, मग आग. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे सकाळी वाचलंस ते हेच?"

"हो."

माझा हात धरला. "बरं केलंस कळू दिलं नाहीस. मला नसतं झेपलं ते."

१३ मार्च, शुक्रवार

अकरा वाजता बाईंचा फोन. आवाजात चक्क साखर! "काल तुम्ही ते नाव घेतलंत ना, मी खुर्चीतून उठले. गुडघे विसरले. तिथलंच माणूस बोलतंय असं वाटलं."

स्वल्पविरामांनी सूचनाफलकावर माझं कौतुक लावलंय. नंतर दारातून डोकावून म्हणाले, "फक्त ते दुसरं नाव, बहुधा, राहिलं?"

"राहिलं," मी म्हटलं. राहिलं! जणू छत्री राहिली कुठेतरी.

१४ मार्च, शनिवार

हे आले. यांनाही वाटतं मी शहाणपणा केला. सगळ्यांनाच वाटतं. मग मला एका जागी बसवत का नाही? सगळी कपाटं आवरली. मग आवरलेली परत काढली.

१६ मार्च, सोमवार

आज केंद्रावर एक बाई भेटायला आली. तिशीची असेल. इस्त्रीचा ताठ ड्रेस, हातांवर जुने पोळल्याचे डाग, काखेत एक वही.

"तुम्ही साहेबांच्या वहिनी ना?"

त्या फिटरची बायको. भाऊजींनी तिला फोनवर सांगितलं होतं की माझी वहिनी तिकडे रेडिओवर असते. ती आभार मानायला आली होती – भाऊजी तिच्या नवऱ्याजवळ थांबले म्हणून! मी तिला कँटीनमध्ये नेलं. चहा तिनं घेतलाच नाही, नुसता पेला धरून बसली.

एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत ती इस्त्री करते. साडेसातची पाळी. फोन आत नेऊ देत नाहीत, कुलपात ठेवायचा. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुलूप उघडलं तर चौदा मिस्ड कॉल. भाऊजींचे, इस्पितळातल्या फोनवरून. तिचा नवरा अकरापर्यंत शुद्धीवर होता. बोलत होता. "बायकोला फोन लावा" एवढंच परत परत म्हणत होता. मग ऑपरेशनला नेलं, नळ्या घातल्या. तेव्हापासून झोपेतच ठेवलाय. डॉक्टर काही सांगत नाहीत.

"अकराच्या आत मी उचलला असता ना, तर आवाज तरी..." एवढं बोलून पेल्याकडे बघत राहिली.

मग वही उघडली. "मी रोज सातला तुम्हाला ऐकते. इंग्रजी सुधारायला. यांनी सांगितलं होतं, मी परत आलो की तुला रिसेप्शनवर नोकरी बघू. कळला नाही तो शब्द लिहून ठेवते." तारखा घालून शब्द लिहिलेले. बारा मार्चला एकच – 'ब्लेझ'. "त्या दिवशी अर्थ बघायला वेळ झाला नाही. कामाला पळाले. ब्लेझ म्हणजे आग, हे दुपारी मॅनेजरनं सांगितलं."

मी वहीतली तारीख परत वाचली.

"गावाचं नाव कसं नाही कळलं मला!" ती म्हणाली. "सिक्सी आलं असतं तर मी जागची हलले नसते. तुम्ही म्हणाला असाल. माझंच इंग्रजी कच्चं."

मी काय केलं? म्हटलं, "तुमचं इंग्रजी चांगलं आहे." एवढंच! तिला फाटकापर्यंत सोडलं आणि परत येऊन सव्वापाचच्या बातमीपत्राच्या कागदांवर स्वल्पविराम तपासत बसले.

१७ मार्च, मंगळवार

फिती जपून ठेवतात ती खोली. बारा तारखेची लावून ऐकली. त्स-शी. श्वास. पुढचं वाक्य. तो श्वास ऐकू येतो! अर्धा सेकंद असेल. 'सिक्सी' म्हणायला तेवढाच लागला असता.

परत ऐकली. किती वेळा, लिहीत नाही.

१८ मार्च, बुधवार

फोनवाल्या बाईंना सांगून टाकलं. वाटलं, त्या तरी बाजू घेतील. उच्चार बरोबरच होता ना?

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग: "मी तुम्हाला नाव घ्यायला शिकवलं. नावाआड लपायला नाही शिकवलं."

मी म्हटलं, घरात सासूबाई एकट्या होत्या, त्यांच्या जिवाला –

"तुमच्या सासूबाईंना सांभाळलंत, ते ठीक. पण तो काही त्यांना केलेला फोन नव्हता. तुम्ही सगळ्या गावाशी बोलत होता." आणि मग हळू आवाजात, "मीही केलंय हो असं. दुभाष्याला सोपं असतं. एक शब्द गिळला की दोन्हीकडे शांतता." काय गिळलं होतं ते सांगितलं नाही. उद्याची शिकवणी नको म्हणाल्या, गुडघे दुखतायत. फोनवर बोलायला गुडघे कशाला लागतात!

१९ मार्च, गुरुवार

शेवटी आईंपाशी बोलले. त्या शेंगा सोलत होत्या. फिटरची बायको, वही, चौदा फोन, सगळं. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतेस?"

राग आला. कोणासाठी केलं मी हे सगळं! तोंडावर आलंही होतं. त्यांना ते दिसलं असावं. म्हणाल्या, "माझ्यासाठी केलंस, ठाऊक आहे. म्हणून तर म्हणते. ती पोर स्वतःला बोल लावत बसलीय आणि मी इथे निवांत शेंगा सोलतेय. मला हे गिळवत नाही."

२० मार्च, शुक्रवार

हॉटेलच्या मागच्या बाजूला लाँड्रीचं दार. बाहेर चादरींच्या ट्रॉल्या, भिंतीतून वाफ. एकच्या सुट्टीत ती बाहेर आली आणि मला बघून आधी पांढरीफटक पडली – वाटलं असणार, तिकडचं काही वाईट आहे. मी घाईघाईनं म्हटलं, "तसं काही नाही. ते तसेच आहेत." अशी सुरुवात झाली!

उभ्याउभ्याच सांगितलं. वाक्यं रात्रीपासून जुळवली होती, त्यांतलं एकही आलं नाही. तुमचं इंग्रजी कच्चं नाही. मी दोन्ही नावं म्हणायची होती. एकच म्हटलं. आमच्या घरात कळू नये म्हणून.

"चुकून?"

"नाही."

"मुद्दाम?"

"हो."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. शिवी देईल, मारेल, काहीही करेल असं वाटलं. तिनं विचारलं, "तुमच्या सासूबाई बऱ्या आहेत?"

"हो."

"बरं झालं."

आणि आत गेली. सुट्टीची वीस मिनिटं बाकी होती. डबा बाहेरच्या बाकावर तसाच राहिला होता. मी तो उचलून दारातल्या माणसाच्या हाती दिला.

२१ मार्च, शनिवार

स्वल्पविरामांनाही सांगितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आठवडाभर तुम्ही वाचू नका." या वाक्यात ते कुठेच अडकले नाहीत.

२२ मार्च, रविवार

सात वाजता घरी! एकोणीस वर्षांत सुट्ट्या सोडल्या तर असं झालं नाही. आईंनी रेडिओ लावला, मग माझ्याकडे बघून बंद करायला हात नेला. मी म्हटलं, असू दे.

बदली आलेला नवा वाचक. आगीतल्या मृतांचा आकडा दहा झाला. सिक्सी, सिक्सी – ठणठणीत आणि चूक. गावभर कळलं असेल. दहावा कोण? मी भाऊजींना फोन लावला, दोनदा चुकीचा नंबर लागला. तो नाही. रंगकामातला तिथलाच एक कामगार.

सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याचीच शरम. त्या कामगाराच्या घरी आज कोणी कसं सांगितलं असेल? आणि तिनं? ऐकलं असणार हे बातमीपत्र. दहा म्हटल्यावर तिचं काय झालं असेल? फोन करायची हिंमत झाली नाही. दारापर्यंत चार वेळा गेले, चप्पल घातली, काढली. हे म्हणाले, "एक तर जा, नाहीतर बस." दोन्ही जमलं नाही. शेवटी भाऊजींनाच सांगितलं, तिला तेवढं कळवा. त्यांनी आधीच कळवलं होतं.

२३ मार्च, सोमवार

काही नाही. दिवसभर काहीच नाही.

२४ मार्च, मंगळवार

दुपारी तीनला तिचा फोन. नंबर भाऊजींकडून घेतलेला. नमस्कार नाही, काही नाही. कंपनी तिला पुढच्या गुरुवारी तिकडे पाठवतेय, सोबत एका माणसाचं तिकीट देतेय, आणि तिच्याकडे न्यायला तसं कोणी नाही.

"मी रागावलेय तुमच्यावर. अजून," ती म्हणाली. "पण एकटीनं जायची भीती त्याहून मोठी आहे. पासपोर्ट नंबर सांगा."

मी कपाटाकडे धावले. एकेक अंक सावकाश सांगितला. तिनं लिहून घेतला आणि मला परत वाचून दाखवला.